मी त्या ब्रेकवर सही केली नाही

आप्पा, तुम्ही शिकवलंत त्याच्या बरोबर उलट वागले मी, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

येळ्ळूरचं आपलं सायकलीचं दुकान. मी आठवीत आहे. दूध घालणारे काका सळईचा ब्रेक काढून वायरचा बसवा म्हणतायत, कारण नव्या सायकलींना सगळीकडं तोच असतो. तुम्ही त्यातला स्वस्तातला काढून बसवायला घेता. मी म्हणते, "आप्पा, जुना चांगला हाय की. मागं दोन कॅन असत्यात, ह्यो हलका ब्रेक धरंल व्हय?" तुम्ही पाना आपटता. "गप बस गं. बाजाराफुडं आपलं शाणपण चालत न्हाय. गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं." आठवड्यानं काका कोपर सोलून घेऊन परत आले. तुम्ही ब्रेकची रबरं बदललीत, माझ्याकडं बघितलं नाहीत.

आता मी बेळगावात, सायकलींचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग करते. यंदा आमच्या साहेबांना लहान मुलांच्या सायकलीला डिस्क ब्रेक हवा होता, मोटरसायकलसारखा दिसणारा. किंमत वाढवायची नाही, म्हणून ब्रेक धरून ठेवणारी पट्टी पातळ केलेली. लिव्हरही मोटरसायकलसारखी, मुठीपासून लांब. मी येळ्ळूरच्या शाळेत जाऊन पाचवीच्या पोरींचे हात मोजले. कितीतरी जणींची बोटं लिव्हरपर्यंत पोचेनात. मग उतारावर सायकल चालवून बघितली, तर पट्टी वाकली.

साहेब म्हणाले, "मॅडम, पोरं डिस्क बघून सायकल घेत्यात. पट्टी कोण बघतंय?"

"मी बघते."

"लई झालं. ड्रॉइंगवर सही करा."

"न्हाई करणार. दुसऱ्या कुणाकडनं घ्या करून."

घेतली करून. शेजारच्या टेबलावरच्यानं मान खाली घालून केली आणि मला तक्रारींच्या विभागात बसवलं. तिथूनही मी त्या लिव्हरबद्दल लिहीतच राहिले, इतकं की शेवटी कंटाळून त्यांनी ती मुठीजवळ आणली. पट्टी अजून तशीच पातळ आहे आणि सायकली धडाधड खपतायत. खपू देत. वाकून परत आलेली प्रत्येक पट्टी मी स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवते. ते ती बाजूला सारतात. मीही हटत नाही.

तुमचा बाजार मोठा असेल, आप्पा. म्हणून त्याचं बरोबर असतं असं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण एक कबूल करते. तुम्ही असता, तर मी आधी तुम्हाला विचारायला आले असते. तुम्ही म्हणाला असता, "कर गं सही." आणि मी केली असती.