किल्ला सोडणारा उमराव

गुरुजी, सातवीच्या वर्गाला तुम्ही कोंडाणे गावाची लेणी दाखवायला नेलं होतं. डबे खाऊन झाल्यावर तुम्ही आम्हाला शेकडो वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज उमरावाची गोष्ट सांगितलीत. ऐन विशीत तो राजाबरोबर फ्रान्सला लढायला गेला, घोड्यावरून पडून एक पाय कायमचा अधू झाला, तरी राजाने विश्वासाने एक किल्ला त्याच्या ताब्यात दिला. शत्रूचा वेढा पडला. शेवटपर्यंत लढा, असा राजाचा हुकूम होता. धान्य संपलं, मदत येईना, आत बायकापोरं. त्याने बोलणी करून सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं आणि किल्ला सोडला. राजाने त्याला भित्रा ठरवून जहागीर काढून घेतली. उरलेलं आयुष्य बहिणीच्या घरी गेलं.

"घाबरला आसंल, गुरुजी. नायतर किल्ला कोन सोडतो?" मी म्हणालो. पोरं हसली, तुम्ही हसला नाहीत. "तुला काय माहीत रं, उपाशी पोरं कशी दिसतात? तो आत होता. तू नव्हतास."

पुढे मी फौजेत गेलो. हवालदार असताना बर्फातल्या एका चौकीवर माझ्या हाताखाली सहा जण होते. वादळात रेडिओ बंद पडला, दोघांचे पाय काळे पडायला लागले. चौकी सोडायची नाही, असा हुकूम. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना घेऊन खाली उतरलो. एकाची बोटं गेली, जीव कोणाचा गेला नाही. चौकशी बसली. साहेब विचारतात, "कोणाला विचारून उतरलात?" मी म्हणतो, "कोणालाच नाही. निर्णय माझा." बढती गेली ती गेलीच. त्या सहातला एक अजून फोन करतो, भाताची आवणी उरकली का म्हणून विचारतो.

चौकशी संपल्यावर रजेवर आलो, तेव्हा तुम्ही कर्जतला दवाखान्यात होता. तुमच्या मुलीने निरोप धाडला, "अण्णा तुझी आठवण काढतात, येऊन जा." मी गेटपर्यंत आलो होतो. गावात कुजबुज होती, हा पळून आला म्हणून. ती तुमच्याही कानावर गेली असेल असं वाटलं. साहेबांसमोर ताठ उभा राहिलो होतो, त्या गेटापासून मात्र मागे फिरलो. आठवड्यात तुम्ही गेलात.

हे लिहून तुमच्या मुलीच्या हाती द्यायचं मनात होतं. पण देणार नाही. तिला मी तेव्हा सांगितलं होतं, रजा संपली म्हणून येता आलं नाही. रजेचे अजून बारा दिवस शिल्लक होते.