नातेवाईकाची सही

नांदेड,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४, सकाळचे साडेनऊ

तीर्थस्वरूप सिंधुताईच्या पायाशी
धाकट्या सिद्धूचा दंडवत.

दाजींचा गुडघा कसा आहे? तू भाऊबीजेला आणलेली जवसाची चटणी संपली. महानंदानं बरणी धुऊन ठेवली आहे. लातूरला मिल दोन पाळ्यांत चालू आहे, नवी तूर यायला अजून अवकाश आहे. तनुजासाठी औशाचं स्थळ आलंय ते तुला ठाऊकच आहे. बाकी इकडे सगळे ठीक.

सगळे ठीक, असं हातानं सवयीनं लिहिलं. खोडत नाही, पण ते खरं नाही.

फोन न करता कागद का पाठवला, असं तुला वाटेल. मोंढ्यात पोती उचलणारा मी डाळमिलचा मालक झालो तो पाठीच्या जोरावर नाही, जिभेच्या जोरावर. आणि कानाच्या. दाताखाली तूर फोडली की नुसत्या आवाजावरून तिची ओल सांगतो. मिलचा कुठला पट्टा उद्या तुटणार ते आज ऐकतो. पण फोनवर बोललो तर माझी जीभ मला पुन्हा वाचवील, ताई. कागदावर तिचं चालत नाही.

नवरात्रात तुझा फोन आला होता. सत्यमला मनाच्या दुखण्यावर दोन वर्षांत चार तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, उतार नाही, आता नांदेडच्या डॉक्टरबाई केटामाइन म्हणून औषध सलाईनमधून देऊ म्हणतात, दाजी म्हणतात मामाला विचार, असं तू सांगितलंस. आपल्याकडं भाच्याचं जावळ मामाच्या मांडीवर आणि लग्नात मामा पाठीशी. मामाचा शब्द शेवटचा. त्या शब्दाचा मी काय उपयोग केला ते तुला पाठ असेल. "ताई, ते भुलीचं औषध हाय. जनावराला देत्यात. पोरं त्याची नशा करत्यात. घरात नशा आणायची हाय का?"

तू म्हणालीस, "न्हाई रे बाबा. तू म्हणतूस तर नको."

तेव्हा मी गाडीत होतो. नांदेडहून लातूरला परतत होतो. माझ्या डाव्या हातावर सुईच्या जागी कापूस आणि पट्टी होती. तेच औषध, त्याच दवाखान्यात, त्याच बाईंच्या देखरेखीखाली मी त्या दिवशी तिसऱ्यांदा घेतलं होतं.

हे एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

सत्यमचंच दुखणं मलाही आहे, चार वर्षं झाली. कारण विचारू नकोस, असतं तर मोंढ्यात नेऊन विकलं असतं. मिल चालू असायची, आवाज कानात यायचा, पण त्याचा अर्थ यायचा नाही. चारचौघांत मी हसवायचो, तुम्ही सगळे हसायचात, आणि मी आत बसून बघत राहायचो की हा कोण माणूस एवढं बोलून राहिलाय. गोळ्या घेतल्या, बदलल्या, वाढवल्या. गेल्या वर्षी मिल महानंदाच्या नावावर केली. सगळे म्हणाले, सिद्धेश्वरराव हुशार, कर वाचवला. गळ्यातला गोफ मुनीमाला देऊन टाकला. म्हणाले, दिलदार माणूस. कर नव्हता आणि दिलदारी नव्हती, ताई. मी आवराआवर करत होतो.

मग या बाईंकडं आलो. भुलीसाठी जेवढं देतात त्याहून फार थोडं देतात. पाऊण तास सलाईन, छातीला तारा, दंडाला पट्टा, उशाशी सिस्टर. आपलं अंग कुठं संपलं आणि गादी कुठं सुरू झाली ते कळत नाही. मग तासभर पडून राहायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि सोबत घरचं माणूस हवं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हेही बाईंनी आधी सांगितलं. मला पडलं. दुसऱ्या खेपेनंतर मिलमध्ये शिरलो आणि तीन नंबरच्या पट्ट्याची कुरकुर मला ऐकू आली. पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन रडलो.

म्हणजे तुला नको म्हणालो तेव्हा मला गुण आलेला होता.

का म्हणालो, तेही लिहितो. औशाची माणसं चौकशी करत होती. सोयरीक जुळवताना काय विचारतात ते तू जाणतेस. जमीन, पाणी, आणि मग आवाज खाली आणून, "घराण्यात डोक्याचं काही?" भाचा त्या दवाखान्यात जाऊ लागला की एक दिवस मामा तिथंच दिसणार, आणि तुमच्या भोकरहून औशाला बातमी जायला एक लग्नघर पुरतं. म्हणून मी माझी मुलगी उजवायला तुझा मुलगा मागं ढकलला. दुसरं कारण नाही.

घरी मी मणक्याचं इंजेक्शन सांगितलं होतं. शारिकलाही तेच. सोळा वर्षं माझी गाडी चालवतो. इथं दवाखान्यात कागदावर नातेवाईकाची सही लागते, ती त्यानं भाऊ म्हणून केली. सिस्टरनं 'सिद्धेश्वर' वाचलं, 'शारिक' वाचलं, आम्हा दोघांकडं पाहिलं आणि शिक्का मारला. परवा तो मला म्हणाला, "शेठ, मणक्याच्या दवाखान्यात लोकं असे रडत न्हाई बसत. मला पहिल्या दिवसापासून मालूम हाय."

आता सगळ्यात वाईट सांगतो.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी सलाईन संपवून मी पडलो होतो. मधे हिरवा पडदा. पलीकडं बांगड्या वाजल्या. तुझ्या हाताच्या बांगड्या मी भाकरी थापताना ऐकल्यात, ताई. मला वाटलं, औषधाचा भास. मग तुझा आवाज आला. "बाई, आमचं नाव काढून टाका. माझा भाऊ नको म्हणतो. लातूरला मोठी मिल हाय त्याची, त्याला सगळं कळतं."

बाईंनी तुला समजावलं. तू ऐकलं नाहीस. सत्यम एकदाच बोलला, "आई, एकदा घेऊन तर बघू." आणि तू म्हणालीस, "मामानं सांगितलंय ना."

मध्ये चार हातांचं अंतर होतं. मला उठता येत नव्हतं, हे खरं. पण हाक मारता येत होती. मी पडदा घट्ट धरून ठेवला, तुमच्या चपला जिन्यावरून खाली उतरेपर्यंत.

पुढं बारा दिवसांनी तू मला ओवाळलंस. म्हणालीस, "तू होतास म्हणून पोरगं नशेतनं वाचलं." सत्यम ओसरीवर ताट पुढं घेऊन बसला होता, जेवत नव्हता. मी तुझ्या ताटात साडी ठेवली.

आणि काल संध्याकाळी तुझा फोन. आनंदात होतीस. सत्यमनं हातातलं घड्याळ चुलतभावाला दिलं, मोटारसायकलची किल्लीही दिली, पोराचं मन मोठं झालं म्हणालीस. माझे कान तिथं उभे राहिले. हा आवाज मला ओळखीचा आहे. मी गोफ दिला होता.

लगेच दाजींना फोन करून एवढंच सांगितलं, की पोराला एकटं सोडू नका, रात्री त्याच्याजवळ झोपा, फवारणीची औषधं कुलपात घाला. मग डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, थांबू नका, सकाळीच आणा, आधी मी त्याला बघते, काय द्यायचं ते मग ठरवू.

त्यानंतर महानंदाला आणि तनुजाला समोर बसवलं. महानंदा म्हणाली, "मणक्याला शेक देऊन देऊन माझे हात भाजले की ओ." तनुजानं एकच विचारलं, "आत्याला सांगितलं का?" तेव्हाच औशालाही फोन लावला आणि माझं दुखणं माझ्याच तोंडानं सांगितलं. ते बघू म्हणाले. बघोत.

हा कागद घेऊन शारिक तुझ्या दारात उभा आहे. सत्यमला गाडीत बसव आणि तू शेजारी बस. भांडायचं ते मागून भांड. मी स्वतः आलो नाही, कारण तुझ्या उंबऱ्यावर मला पुन्हा काहीतरी गोड सुचलं असतं. सत्यमला हा कागद वाचू दे. त्याला सांग, मामाला काही कळत नव्हतं असं नाही, कळत होतं.

माझीही आज तीनची वेळ आहे. पण शारिक तुझ्याकडं आला, म्हणजे माझ्या कागदावर सही करायला इथं कुणी नाही. सिस्टरनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, बहीण येतेय. करील का ते मला ठाऊक नाही. तू नाही केलीस तरी चालेल, माझी खेप चुकू दे. सत्यमची चुकू देऊ नकोस.

तुम्ही आलात की पडदा उघडाच असेल.

नातं लिहायची जागा कोरी ठेवून बसलेला,
सिद्धू