मामा हयात असताना लागलेला फलक

तीर्थरूप मामांस,

अक्राहून भाचा बोआडू याचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे, हे विचारायचीही आता चोरी झालीय, तरी विचारतो. तुम्ही फोन घेत नाही, आणि मामी "ते घरात नाहीत" म्हणतात तेव्हा मागून तुमचंच खाकरणं ऐकू येतं, म्हणून हे पत्र.

घडलं ते असं. औषध कंपनीला रक्तदाब तपासणी शिबिराचा फलक हवा होता. आमच्या जाहिरातीच्या ऑफिसातल्या साहेबांनी सकाळी पळणारी, दात दाखवणारी परदेशी जोडपी काढली होती (आपल्याकडे उगाच पळणाऱ्याला लोक चोर समजतात). मी म्हटलं, माणसं ऐकतात ती वडीलधाऱ्यांचं. मग ईस्टरला काढलेला तुमचा फोटो घेतला. अंगावर सणाचं केंटे कापड, खुर्चीत ताठ, नजर अशी की समोरच्यानं आपणहून गुन्हा कबूल करावा. चेहरा मोठा, मधोमध. वर नाव, खाली वय, त्याखाली शनिवार, सकाळी आठ, आपल्या बेक्वाईच्या चर्चचं मैदान, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात रक्तदाब तपासणी. रंग कंपनीचेच, लाल आणि काळा.

मामा, मी मुद्दाम केलं नाही हो. थोर माणसाचा चेहरा कसा मांडायचा, हे मी लहानपणापासून आपल्या गावच्या भिंतींवर पाहिलं, आणि तिथे चेहरे असतात ते मयतांचे, खाली अंत्यविधीचा वार आणि जागा. जिवंतपणी आपण कुठल्या म्हाताऱ्याचा एवढा मोठा फोटो लावतच नाही, याचं मला आता वाईट वाटतं. ऑफिसात एकजण म्हणालाही, "कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय." मला वाटलं, कौतुक करतोय.

फलक लागले तेव्हा तुम्ही आणि मामी कोकोच्या मळ्यावर, फोन लागत नाही तिथे. शनिवारी मी पोचलो तर अख्खं बेक्वाई दुखवट्याचे लाल-काळे कपडे घालून, ढोल घेऊन मैदानात हजर. नर्सबाईंना गर्दी पाहून कोण आनंद! त्यांनी रडणाऱ्यांनाही रांगेत बसवलं आणि दंडाला पट्टे बांधले. (हुंदक्यांमुळे आकडे चुकतात, अशी तक्रार त्यांनी नंतर केली.) तेवढ्यात मळ्यावरून तुम्ही आलात, काळं कापड पांघरून, गावात कोणीतरी गेलंय एवढंच ऐकून. कुमासीहून रडत आलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीलाच, सेरवा मावशींनाच, तुम्ही विचारलंत, "कोण गेलं गं?" मावशी चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्या त्या माझ्यावर घसरतच, "मामाचा मळा रीतीनं भाच्यालाच मिळणार होता ना रे? मग जरा धीर धरवला नाही तुला?" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. पाठ फिरवून गेलात, ते मला फार लागलं.

कंपनी मात्र खूश आहे. इतकी गर्दी त्यांच्या कुठल्याच शिबिराला झाली नव्हती म्हणे.

तुमचा,
बोआडू

ता. क. कंपनीला तोच फोटो कुमासीतही लावायचाय. मी साफ नाही म्हटलं.

आणखी एक ता. क. नर्सबाई सांगत होत्या, त्या दिवशी सगळ्या गावाचा रक्तदाब मोजून झाला, तुमचा तेवढा राहिला. मामा, आईचा कोणी कधी मोजलाच नाही. ती गेल्यावर भिंतीवरचं तिचं चित्र मीच केलं, आणि सगळे म्हणाले, छान जमलंय. मळा हवा त्याला द्या. माझ्याशी बोलूही नका हवं तर. मंगळवारी नर्सबाई तुमच्या दारात येतील, तेवढा हात पुढे करा.