मथुराबाई फेलोशिपसाठी वाघापूरचे घर

मी, दीपा बाबाराव मुनेश्वर, वय चौसष्ट, संगणकशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार वाघापूर, यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतः टाइप करून लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉ. अय्याज म्हणतात. तरी कागद झालेला बरा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वाघापूरचे दुमजली घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. हे घर आणि बँकेतील ठेवी मी एका फेलोशिपसाठी ठेवते. संगणक आणि डेटा या विषयांत संशोधन करणाऱ्या, नुकतेच शिकवायला लागलेल्या प्राध्यापकांना ती मिळावी. खालच्या मजल्याचे भाडे आणि ठेवींचे व्याज यांवर ती चालेल. वरच्या मजल्यावर फेलोने राहावे. स्वयंपाकघर आहे तसेच वापरावे, मिक्सर सोडून. तो बिघडलेला आहे. फेलोशिप विद्यापीठाने चालवावी, पण अटी माझ्या राहतील. तिला माझ्या आईचे, मथुराबाईंचे नाव द्यावे.

२. उमेदवाराचे वय विचारू नये. शिकवायला कधी लागला तेवढे पाहावे, आणि आजाऱ्याच्या सेवेत किंवा बाळंतपणात गेलेली वर्षे वगळावीत. मलाही तरुणपणी विद्यापीठाची अशीच एक फेलोशिप मिळाली होती. त्याच उन्हाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. मी वर्षभराची मुदत मागितली. विद्यापीठाने ती दिली, पण पुढच्या वर्षी कॉलेजने मला सोडले नाही. तेव्हाचे प्राचार्य भर सभागृहात म्हणाले, "घरच्या जबाबदाऱ्या पाहता मॅडमनी प्रॅक्टिकल सांभाळावेत. संशोधन बाकीचे करतील." आई गेली तोवर माझे वय मर्यादेपलीकडे गेले होते. आपल्यामुळे मुलीचे राहिले, असे तिला शेवटपर्यंत वाटत होते. तिच्यामुळे राहिले नव्हते. हे मी तिला पुष्कळदा सांगितले, पण तिला पटले नाही. म्हणून तिचे नाव.

३. फेलो कॉलेजात शिकवत असेल, तर परीक्षा, प्रवेश आणि असल्या कामांतून मोकळे केल्याचे कॉलेजने लेखी दिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. ते प्राचार्य आता हयात नाहीत, त्यामुळे नाव लिहीत नाही. मात्र माझी शोकसभा त्या सभागृहात घेऊ नये. घ्यायचीच असेल तर प्रयोगशाळेत घ्यावी. तिथे खुर्च्या कमी आहेत, लोक थोडक्यात बोलतील.

४. तासिका तत्त्वावर शिकवणारे, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच मानधन मिळणारे प्राध्यापकही पात्र राहतील, मध्यंतरी त्यांचे शिकवणे सुटले असले तरी. ही अट कोणत्याही ठरावाने काढता येणार नाही. ती उमेरामुळे आली, हे इथे लिहून ठेवते.

उमेरा शेख ही आर्णीची, माझी विद्यार्थिनी. पुढे ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. शेतीची माहिती फोनवर बोलून विचारता येते, पण पलीकडे उत्तर देणाऱ्या यंत्राला 'पऱ्हाटी' म्हटलेले कळत नसे, 'कापूस' म्हणावे लागे. शेतकऱ्याने यंत्रासाठी आपली बोली का सोडायची, असे उमेराचे म्हणणे. तिने गावोगाव फिरून लोकांचे बोलणे रेकॉर्ड केले आणि संगणकाला वऱ्हाडी समजावी म्हणून खटपट सुरू केली. काम चांगले होते. तिची शिक्षिका म्हणून नव्हे, बाहेरची परीक्षक असते तरी मी हेच लिहिले असते. फेलोशिपसाठी केलेला तिचा प्रत्येक अर्ज मात्र परत आला, कारण ती कायम नोकरीत नव्हती. मागच्या वर्षी तिने शिकवणेही सोडले आणि भाऊ तनवीरच्या गॅरेजशेजारी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान टाकले.

मी एसटीने आर्णीला गेले. पुन्हा एकदा अर्ज कर, असे तिला सांगितले. तिने माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, फेलोशिपले नोकरी लागते अन् नोकरीले संशोधन. मी सुरू कुठून करू, ते सांगा." घराचे काय करायचे, ते परतीच्या बसमध्ये ठरले.

या फेलोशिपबद्दल तिला कळवले तेव्हा ती म्हणाली, "चांगलं केलं मॅडम. कोनाले तरी भेटन." तू अर्ज करशील का, हे मी विचारले नाही.

५. उमेराला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. फेलोशिपही थेट देऊ नये. अर्ज करायचा की नाही ते तिचे तिने ठरवावे. केला, तर निवड समितीत माझ्या ओळखीचे कोणी नसावे. ओळखीने मिळाली, असे तिला कोणी म्हणता कामा नये.

६. माझा पुतण्या संघदीप पुण्याला असतो. घराचे कळल्यावर त्याने फोन केला. "आत्या, घर माणसाला देतात, योजनेला नाही," म्हणाला. योजनेतही माणूसच राहणार आहे, असे मी त्याला सांगितले. तेव्हापासून त्याचा फोन नाही. कळंबचा प्लॉट त्याला देते. राग गेला नाही तरी तो त्याचाच. शिवाय विद्यापीठाने वरीलपैकी एकही अट मोडली, तर वाघापूरचे घर आणि ठेवी संघदीपला मिळाव्यात. म्हणजे अटींवर कोणाचे तरी बारीक लक्ष राहील.

७. या सगळ्याची अंमलबजावणी ॲड. धम्मरत्न वासनिक यांनी करावी. त्यांनी मसुदा वाचला. मिक्सरचे वाक्य काढा म्हणाले. मी काढले नाही.

सही करण्यापूर्वी हाताने लिहिलेला मजकूर:

आज दुसरे साक्षीदार डॉ. अय्याज यांना दवाखान्यातून यायला उशीर झाला. माझी तब्येत पाहायला आलेली उमेरा घरीच होती. "मी करते सही," म्हणत तिने पेन घेतले. धम्मरत्न यांनी तिला समजावले की पुढेमागे या फेलोशिपला अर्ज करायचा असेल तर साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी बोट ठेवेल. करायचा नसेल तर खुशाल सही करावी. ती पेन टेबलावर ठेवून म्हणाली, "डॉक्टरसाहेबाची वाट पाहू."

आम्ही वाट पाहिली.

लिहून देणार: दीपा बाबाराव मुनेश्वर (सही)

आमच्यासमक्ष सही झाली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. उत्तमसिंग राठोड, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, यवतमाळ (सही)
२. डॉ. अय्याज काझी, यवतमाळ (सही)

ठिकाण: वाघापूर, यवतमाळ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५