चढावर थरथरणाऱ्या गाडीचा अहवाल

शुक्रवार, दुपार

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (आठ दिवस गाडीखाली उताणी पडून काढल्यामुळे, उलट्या बाजूने का होईना, साष्टांगाचा माझा सराव चांगला झाला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगतात ते व्यायाम करता, की नुसतेच हो म्हणता? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. गाडीही आता ठीक आहे, पण तिथपर्यंत पोचायला वेळ लागेल, तेव्हा नीट टेकून बसा.

मागच्या पत्रात मी तुम्हाला चार पानं सुनावलं होतं, की पदवी मिळाली म्हणून भाचीला आपली जुनी गाडी द्यायचीच होती, तर थरथरणारी का दिली. सोबत एक आलेखही जोडला होता. ते पत्र कृपया फाडून टाका. आलेख ठेवलात तरी चालेल, तो बरोबर आहे.

सोमवारी मला धरणाजवळच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रुजू व्हायचं आहे. तिथे बस जात नाही, आणि बाबांनी अट घातली होती की रविवारी ते शेजारी बसणार, गाडी टेकडीचा चढ न थरथरता चढली तर मी जायचं, नाहीतर दुकानात बसून मापं लिहायची. (बाबांच्या शिवणकामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं ते लोकांच्या कंबरा वहीत उतरवायला नव्हे.)

म्हणून मी शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. उभी असताना गाडी शांत, हळू चालवली तरी शहाण्यासारखी, पण वेग घ्यायला पाय दाबला की हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची. मी वही केली. गिअर, वेग, चढ, उतार, हवामान, सगळे रकाने आखले. वजनाचा परिणाम पाहण्यासाठी आईला आधी पुढे, मग मागे, मग मागे डावीकडे बसवलं. तिसऱ्या फेरीनंतर आई म्हणाली की तिला आयुष्यात इतकं कुणी फिरवलं नव्हतं, पण एकाच टेकडीवर नेण्यापेक्षा एखाद्या बागेत नेलं असतं तर बरं झालं असतं. निष्कर्ष: आईचा थरथरीशी संबंध नाही. मग टायरांची हवा पाहिली, दुसऱ्या पेट्रोल पंपावर जाऊन पेट्रोल भरलं, प्लग काढून पाहिले तर चारही काजळीने काळेठिक्कर. नवीन बसवले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि प्लग पुन्हा काळे.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्यांना सगळे नाडीवाले म्हणतात, कारण ते बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटतात. मी वही पुढे केली. त्यांनी ती आदराने घेतली आणि तिच्यावर पाना ठेवला. मग प्लग पाहून म्हणाले, "ताई, हिला खायला मिळतंय, श्वास मिळत नाहीये." (मामा, ज्वलनाला प्राणवायू लागतो यावर मी महाविद्यालयात तीन वर्षं गुण मिळवले आहेत.) त्यांनी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला आणि आम्ही दोघंही आत वाकलो.

फिल्टरला खोळ होती. जाड कॅनव्हासची, आतून कोटाचं अस्तर, कडेला निळी पट्टी, आणि काढता-घालता यावी म्हणून तीन बटणं. काजं तर इतकी सुबक की नाडीवाल्यांनी आपले हात पुसले आणि मगच तिला बोट लावलं.

तुम्हाला आमचं घर माहीत आहे. रेडिओला खोळ, इस्त्रीला खोळ, छत्रीच्या खोळीला खोळ. महिन्यापूर्वी गाडी धुताना बाबांनी तो डबा उघडून फिल्टरवरची धूळ पाहिली होती आणि रात्री नीट जेवले नव्हते. वस्तू उघडी ठेवणं त्यांना बघवतच नाही. खोळ काढून मी आणि नाडीवाले टेकडी चढलो. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

आता पेच असा की रविवारी निघण्याआधी बाबा बॉनेट आणि फिल्टरचा डबा उघडणार, खोळ दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत दुसरी शिवणार. आणि खरं सांगावं, तर ज्या माणसाने रात्री जागून माझी फी शिवली, त्याला म्हणायचं की तुमच्या हातच्या कामामुळेच माझी नोकरी जात होती? सत्य बोलण्यावर मी वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेलं आहे. काल तीनदा बाबांसमोर उभी राहिले आणि तीनदा चहा हवा का म्हणून विचारून परत आले. खोळ माझ्या कपाटात पुस्तकांमागे आहे.

मामींना नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुमची पदवीधर भाची

ता. क. खरं काम हे आहे. उद्या सकाळी बसच्या कंडक्टरकडून पत्र मिळताच दुकानात फोन करा आणि बोलता बोलता बाबांना सांगा की कुठल्याच गाडीच्या फिल्टरवर काही घालायचं नसतं. माझं नाव येऊ देऊ नका. तुमचा शब्द ते मानतात.

ता. क. दुसरा, संध्याकाळ. फोन नको. पत्र टेबलावर होतं, बाबांनी वाचलं. (ते म्हणतात, पाकिटाचं माप घेत होते.) मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. ते एवढंच म्हणाले, "मला सांगायला मामा कशाला लागतो गं?" मग चप्पल घालून गाडीत जाऊन बसले. रविवारपर्यंत थांबायला तयार नाहीत. आम्ही चढलो. गाडी एकदाही थरथरली नाही. वर पोचल्यावर त्यांनी धरणाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं आपण?"

ता. क. तिसरा. तो 'आपण' खराच होता. त्यांनी आईला दोन डबे भरायला सांगितलंय आणि दुकानाला सुट्टीची पाटी लावली आहे. नोकरीच्या जागी वडिलांना घेऊन जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा फोन कराच, आणि त्यांना घरी थांबायला सांगा. मात्र मंगळवारपासून. पहिल्या दिवशी शेजारी कुणीतरी असलेलं बरं, असं नाडीवाल्यांचं मत आहे.