बारा मंत्र, रोज तीन

२ जून, रविवार
सोसायटीची मीटिंग. एकवीस तारखेला गच्चीवर योगदिन. सेक्रेटरी सुजितने विचारलं, सूर्यनमस्काराचे मंत्र माइकवर कोण म्हणणार? माझा हात वर गेला. बदलापुरात आल्यापासून सहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात माझ्याकडे सतरंज्या. गणपतीला सतरंज्या, झेंडावंदनाला सतरंज्या. मला एकदा, फक्त एकदा, माइक हवा आहे. म्हणून सांगून टाकलं की संस्कृत आमच्या घराण्यातच आहे. किर्ती माझ्याकडे बघत राहिली. बायकोने चारचौघांत असं बघू नये.

३ जून, पहाटे ५.३० (उठलो ६.५०)
मंत्र बारा. रोज तीन. चार दिवसांत काम फत्ते. उरलेल्या दिवसांत संस्कृत बोलायला शिकणार. मित्राय, रवये, सूर्याय. तोंडपाठ! भाषा रक्तातच असावी लागते.

५ जून
नवे तीन घ्यायचे होते. पण आधी पाया पक्का हवा. जुन्याच तिनांची रिव्हिजन.

८ जून, शनिवार
उल्हासनगर. योगा मॅट, तांब्याचा लोटा, पांढरा कुर्ता. सिंधी दुकानदाराने विचारलं, साईं, योगा सिखाते हो क्या? चेहऱ्यावर तेज आलं असणार. हो म्हटलं आणि आणखी एक कुर्ता घेतला.
मंत्र: तीन.

१० जून
मनालीला नववीत संपूर्ण संस्कृत आहे. म्हणाली, पप्पा, रोज दहा मिनिटं बसा, आठवड्यात करून घेते. बापाने मुलीपुढे वही घेऊन बसायचं? तू तुझं गणित बघ म्हटलं. तर विचारते, चौथा मंत्र कोणता? जेवताना मंत्र म्हणू नयेत, असं सांगितलं.

११ जून
नवी पद्धत. मेंदू झोपेत सगळं टिपून घेतो, एका व्हिडिओत सांगितलंय. आता रोज पहाटे साडेपाचला मोबाइलवर मंत्र आपोआप लागणार, तासभर. किर्तीने मोबाइल बेडरूममधून हाकलला, म्हणून जिन्याकडच्या खिडकीत ठेवतो. मेंदूला अंतराने काही फरक पडत नाही.

१४ जून
झोप छान लागते.
जिना झाडायला रखमाबाई वांगणीहून पहाटेच येतात. हल्ली आमच्याच मजल्यावर फार वेळ झाडत असतात. आपल्याकडे कचरा जास्त होतो का? सुजितला विचारायला हवं.

१७ जून
सुजित म्हणतो, एक रिहर्सल मार ना. रिहर्सल नवशिक्यांना लागते. घरी वाकून पाहिलं, हात गुडघ्यापर्यंत पोचले. बाकीचं मंत्रांनी भरून निघतं.

२० जून, संध्याकाळ
मनालीने बाराही मंत्र चिठ्ठीवर लिहून दिले. पोरीचं मन मोडू नये म्हणून कुर्त्याच्या खिशात ठेवली. गरज पडणार नाही. झोपेतलं ज्ञान ऐन वेळी वर येतं.

२१ जून
थोडक्यात लिहितो.
गच्चीवर चाळीस माणसं. एकेका मंत्राला एकेक आसन, पुढचा मंत्र आल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हा नियम मीच माइकवरून सांगितला. मित्राय, सगळ्यांनी हात जोडले. रवये, हात वर. सूर्याय, सगळे खाली वाकले. मग मी खिशात हात घातला. चिठ्ठी दुसऱ्या कुर्त्यात. सकाळी तो चुरगळलेला वाटला म्हणून हा घातला होता.
चाळीस माणसं वाकलेली. नियम म्हणजे नियम. मी पुन्हा सूर्याय म्हटलं. ते आधीच वाकलेले होते. तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी वाकल्या वाकल्याच विचारलं, अनंता, आहेस ना रे? सुजित ओरडला, कमर गेली यार, पुढचा बोल!
तेवढ्यात पाण्याच्या टाकीजवळून आवाज आला. ॐ भानवे नमः. रखमाबाई, हातात झाडू. चाळीस पाय एकदम मागे गेले. सुजितने माझ्या हातातला माइक काढून त्यांना दिला. खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय... बाराव्यापर्यंत कुठेही अडखळल्या नाहीत. टाळ्या झाल्या. मनालीही वाजवत होती, मग माझ्याकडे बघून थांबली. लाज वाटली. खरंच वाटली.
नंतर त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाल्या, अवो दादा, तुमचा मोबाइल रोज वाजतोय नं. मी झाडता झाडता ऐकते. बंद करायला तुमच्याकडं कुनी उठतच नाय.

२२ जून, शनिवार
म्हणजे पद्धत बरोबर होती. ते कोणीच बोलत नाही.
ग्रुपवर सुजितचा मेसेज. पंधरा ऑगस्ट. माइकवर प्रार्थना: रखमाबाई. सतरंज्या: अनंता.
आज साडेपाचला मोबाइल वाजला आणि मी पहिल्यांदाच उठलो. बंद करणार, तर जिन्यातून रखमाबाई म्हणाल्या, राहू द्या दादा, आता शांतिमंत्र धरलाय. बारा झाले की पुढे शांतिमंत्र लागतो म्हणे. मला माहीतच नव्हतं.
राहू दिला. गच्चीवर जाऊन कालच्या सतरंज्या गुंडाळून आणल्या.