निघालेलं ब्रॅकेट

आई,

तू झोपली होतीस, म्हणून लिहून ठेवते. मी खराडीला ऑफिसला निघाले.

साखरेच्या डब्यामागे कागदाच्या पुडीत तुझ्या दातावरचं ब्रॅकेट सापडलं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "रविवारी कणीस खाताना निघालं. उत्कर्षाला सांगू नका म्हणाली." म्हणजे चार दिवस सुटलेली तार गालात टोचतेय आणि तू गप्प! मी रागावेन म्हणून? रागावणारच होते. कणीस दातांनी तोडायचं नाही, हे डॉक्टरांनी तुला दोनदा सांगितलं होतं.

आता नीट वाच. तारेच्या टोकावर मेणाची छोटी गोळी दाबून बसव. मेण बेसिनवरच्या डबीत आहे. नेलकटरने तार कापायला जाऊ नकोस, तुझा भरवसा नाही. जेवल्यावर छोट्या ब्रशने तारेखालचं साफ कर, आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे जाताना ती पुडी बरोबर घेऊन जा.

शिवाय "या वयात कशाला, तारा काढूनच टाका" हे आज डॉक्टरांसमोर बोलायचं नाही. वाकड्या दातांपायी जन्मभर तोंडावर पदर धरून हसलीस, तेवढं पुरे झालं.

साडेपाचची वेळ घेतली आहे. रिक्षा करू नकोस, बाबा नेणार आहेत. मी सांगितलं नाही, स्वतःहून म्हणाले. आणि तुझ्या तारांची रोज चेष्टा करणारे हेच बाबा मघाशी माझ्या हातातून फोन घेऊन डॉक्टरांना विचारत होते, "तिला फार दुखणार नाही ना हो?"

उत्कर्षा